फिजिओथेरपीची पदवी आणि साडेसात लाखांचं कर्ज: प्रवेशाआधी मांडायचा हिशेब

नीटचे गुण हातात आले की काही घरांत पुढचं सगळं ठरल्यासारखं असतं आणि बऱ्याच घरांत नव्याने विचार सुरू होतो. एमबीबीएसचा, बीडीएसचा आकडा हुकलेला असतो, पण मुलीला किंवा मुलाला दवाखान्याच्याच जगात काम करायचं असतं. मग फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार), ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या तक्रारी), ऑप्टोमेट्री (डोळ्यांची तपासणी), रेडिओग्राफी, लॅब टेक्नॉलॉजी, डायलिसिस ही नावं समोर येतात. नातेवाईक, क्लासवाले, शेजारचे सर, सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जातो: "याला स्कोप आहे का?"

स्कोप आहे. गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या आहेत, मधुमेहामुळे मूत्रपिंडं निकामी होणारे रुग्ण वाढले आहेत, म्हातारी माणसं जास्त जगत आहेत. या सगळ्यांना डॉक्टरइतकीच फिजिओथेरपिस्टची, तंत्रज्ञाची गरज आहे. पण समाजाला एखाद्या कामाची गरज असणं आणि त्या कामाचा पगार चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज काढून शिकणाऱ्याचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी येतो. म्हणून माझा आग्रह असा की फी आणि 'स्कोप' यांची तुलना करत बसू नका. कर्जाचा पहिला हप्ता सुरू होईल त्या महिन्यात हातात किती पगार असेल, एवढंच कागदावर मांडा. बाकीचे सगळे निर्णय त्यातून सोपे होतात.

कर्ज मंजूर होतं त्यापेक्षा मोठं असतं

एक उदाहरण घेऊ. बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, खाजगी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शिक्षण शुल्क, वसतिगृह, पुस्तकं धरून बँकेकडून साडेसात लाखांचं कर्ज मंजूर झालं. हा आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत घर किंवा जमीन तारण ठेवावी लागत नाही, त्यामुळे अनेक कुटुंबं याच रकमेवर येऊन थांबतात. चार लाखांपर्यंत पालक सहकर्जदार असले की पुरतं आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. चार लाखांच्या वर देशातल्या शिक्षणासाठी खर्चाचा पाच टक्के वाटा घरून घालावा लागतो.

बँक ही रक्कम एकदम देत नाही. दरवर्षी फीच्या वेळी एकेक हिस्सा देते. चार वर्षांत चार समान हिस्से धरले तर प्रत्येक हिस्सा १,८७,५०० रुपयांचा. व्याजदर सोयीसाठी १० टक्के धरू. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा धरू, म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. त्यानंतर आणखी एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या साडेपाच वर्षांच्या काळाला बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम म्हणतात.

इथे बहुतेकांची समजूत चुकते. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेलं नसतं. पहिला हिस्सा साडेपाच वर्षं व्याज खातो, दुसरा साडेचार, तिसरा साडेतीन, चौथा अडीच. या काळात बँक सरळ व्याज लावते, तरी बेरीज होते बरोबर तीन लाख रुपये. हे तीन लाख मुद्दलात मिळवले जातात. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज साडेदहा लाखांचं झालेलं असतं.

दहा वर्षांच्या मुदतीत या साडेदहा लाखांचा मासिक हप्ता येतो सुमारे १३,८७६ रुपये. एकूण परतफेड साडेसोळा लाखांच्या पुढे जाते. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता ११,२८३ रुपयांवर उतरतो, पण एकूण परतफेड वीस लाखांवर जाते. साडेसात लाख घेतले आणि वीस लाख दिले. बँकेने यात कुठेही फसवलेलं नाही, सगळं करारात लिहिलेलं आहे. मंजुरीपत्र हातात आल्याच्या आनंदात ते वाचायचं राहून जातं इतकंच.

आता पगाराकडे वळू. महाराष्ट्रातल्या शहरांत नुकत्याच पास झालेल्या फिजिओथेरपिस्टला खाजगी क्लिनिकमध्ये किंवा मध्यम आकाराच्या रुग्णालयात पंधरा ते पंचवीस हजारांचा पगार सर्रास ऐकायला मिळतो. लहान गावांत त्याहून कमीही मिळतो. मधला वीस हजारांचा आकडा धरू. वीस हजारांतून १३,८७६ गेले की उरतात ६,१२४ रुपये. पुण्यात किंवा ठाण्यात तेवढ्यात कॉट बेसिसवर राहण्याचं भाडंही जेमतेम निघतं. मग हप्ता बाबांच्या पगारातून किंवा पेन्शनमधून जाऊ लागतो, आणि ज्या मुलीने पाच वर्षं मेहनत केली तिला आपण घरावर ओझं झालो असं वाटू लागतं. ही अवस्था टाळता येते, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

मग किती कर्ज झेपेल?

अमेरिकेत यासाठी एक सरकारी मोजपट्टी वापरली गेली आहे. तिथल्या शिक्षण खात्याच्या नियमानुसार, एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पदवीधरांचा वर्षभराचा कर्जहप्ता त्यांच्या वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, आणि जगण्याचा किमान खर्च वजा करून उरलेल्या कमाईच्या २० टक्क्यांपेक्षाही जास्त असेल, तर तो अभ्यासक्रम विद्यार्थ्यांवर न झेपणारं कर्ज लादतो असं मानायचं. दोन्हीपैकी एक कसोटी पार केली तरी चालतं.

८ टक्क्यांची कसोटी आपल्या उदाहरणाला लावली तर १३,८७६ रुपयांच्या हप्त्यासाठी महिना पावणेदोन लाखांच्या आसपास पगार हवा. आपल्याकडे नव्या फिजिओथेरपिस्टला तो मिळणार नाही हे सांगायला नको. आपली परिस्थितीही वेगळी आहे. अनेक मुलं नोकरीची पहिली काही वर्षं आई-वडिलांच्या घरी राहतात, भाडं आणि जेवणाचा खर्च वाचतो. म्हणून मी थोडी सैल मोजपट्टी सुचवतो: स्वतःच्या गावात घरी राहून नोकरी होणार असेल तर हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. भाड्याने राहावं लागणार असेल तर त्याहूनही कमी.

हा हिशेब उलट्या दिशेने केला की खरं उत्तर मिळतं. पगार वीस हजार, चौथा हिस्सा पाच हजार. १० टक्के व्याजाने दहा वर्षांत पाच हजारांच्या हप्त्यात सुमारे ३ लाख ७८ हजारांचं कर्ज फिटतं. पण हे मोरॅटोरियम संपतानाचं कर्ज झालं. बीपीटीएचच्या साडेपाच वर्षांत मूळ रक्कम जवळपास १.४ पट होते, हे वर पाहिलंच. म्हणजे सुरुवातीला घेण्याचं कर्ज झालं सुमारे २ लाख ७० हजार.

पावणेतीन लाखांपेक्षाही कमी. साडेसात लाख आणि पावणेतीन लाख यांच्यात जे अंतर आहे, ते भरून कसं काढायचं हा खरा प्रश्न आहे. त्याची उत्तरं दोनच ठिकाणी आहेत: फी कमी करणं किंवा कमाई लवकर वाढवणं. पहिली गोष्ट तुमच्या हातात पुष्कळ प्रमाणात आहे, दुसरी कमी.

पदवी तीच, फी वेगळी

महाराष्ट्रात बीपीटीएच, ऑक्युपेशनल थेरपीची बीओटीएच, ऑडिओलॉजीची बीएएसएलपी आणि कृत्रिम अवयवांची बीपीओ या पदव्यांचे प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांच्या महाविद्यालयांत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या दोन्ही शाखा आहेत. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आणि वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रातली वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या केंद्र सरकारच्या आहेत. इथली फी खाजगी महाविद्यालयांच्या तुलनेत अगदीच थोडी असते. जागाही थोड्या असतात, गुण जास्त लागतात. पण पदवी मिळाल्यावर नोंदणी त्याच परिषदेत होते आणि पहिल्या नोकरीत पगारही साधारण तोच मिळतो. क्लिनिकचा मालक साडेसात लाख खर्च करून आलेल्याला जास्त आणि सरकारी महाविद्यालयातून आलेल्याला कमी पगार देत नाही. झालंच तर उलट होतं, कारण केईएमसारख्या ठिकाणी शिकताना जितके आणि ज्या तऱ्हेचे रुग्ण हाताखालून जातात, तितके अनेक खाजगी महाविद्यालयांत जात नाहीत.

म्हणून एका वर्षाचा गॅप घेऊन नीटचे गुण वाढवावेत का, या प्रश्नाचं उत्तर या शाखांच्या बाबतीत नुसतं 'वर्ष वाया जाईल' असं देता येत नाही. गुण थोडक्यात हुकले असतील तर त्या एका वर्षाची किंमत कर्जाच्या फरकापेक्षा कमी भरू शकते. गुण फारच मागे असतील तर गॅप घेण्यात अर्थ नाही.

खाजगी महाविद्यालयांतही फरक आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याने त्याला हा अधिकार दिला आहे. महाविद्यालयाने सांगितलेला आकडा आणि प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा ताडून पाहा. अभिमत विद्यापीठं या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तिथली फी वेगळ्याच पातळीवर असते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला प्रत्येक पालकाला हात धरून सांगाविशी वाटते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग किंवा इतर मागास वर्ग यांपैकी असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातही. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. तीही कॅपमधल्या प्रवेशालाच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्याहून जास्त उत्पन्न असेल तर शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करायचे असतात आणि दरवर्षी नव्याने भरायचे असतात. दुसऱ्या वर्षी अर्ज विसरला की त्या वर्षाची फी अंगावर येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कॅपच्या तिसऱ्या फेरीत थोडं लांबचं, थोडं कमी नावाचं महाविद्यालय मिळत असेल आणि त्याच वेळी शहरातल्या महाविद्यालयातून "मॅनेजमेंटची सीट देतो" असा फोन येत असेल, तर त्या दोन जागांमधला फरक नुसता फीचा नसतो. एका जागेबरोबर शिष्यवृत्तीचा हक्क येतो, दुसरीबरोबर तो कायमचा जातो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलीसाठी पहिल्या जागेवरचं कर्ज फक्त राहण्या-जेवणाचं उरू शकतं. समजा ते अडीच लाखांचं झालं. मोरॅटोरियमनंतर साडेतीन लाख, हप्ता ४,६२५ रुपये. वीस हजारांच्या पगारातून १५,३७५ हातात राहतात. ६,१२४ ऐवजी १५,३७५, आणि हा फरक दहा वर्षं दर महिन्याला. एकूण अकरा लाखांच्या वर.

कमाई कशी वाढते, आणि कुठे अडते

फिजिओथेरपीपासून लॅबपर्यंतच्या या संलग्न आरोग्य शाखांचं एक वैशिष्ट्य म्हणजे इथे पगाराची सुरुवात खालून होते आणि पहिली काही वर्षं तो फारसा हलत नाही. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण असतो. त्यामुळे सगळ्यात अवघड वर्षं पहिली चार-पाच. त्यानंतर कोण किती पुढे जाईल हे एका गोष्टीवर बरंच अवलंबून असतं: ती व्यक्ती स्वतःच्या नावाने रुग्ण पाहू शकते का?

फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, ऑडिओलॉजिस्ट स्वतःचं क्लिनिक काढू शकतात. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ घरी जाऊन रुग्ण पाहणं हा फिजिओथेरपीतला सर्रास मार्ग आहे. अर्धांगवायूचा किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा एक रुग्ण महिना-दोन महिने रोज असतो. असे दोन-तीन रुग्ण हातात असले तर त्यांची कमाई पगाराच्या बरोबरीला येऊ शकते. स्वमग्नता किंवा विकासातल्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना आणि वाचा-उपचार करणाऱ्यांना मोठ्या शहरांत मागणी चांगली आहे, कारण अशी माणसंच कमी आहेत. मी आजही एखाद्या हुशार, धीराच्या मुलाला ऑक्युपेशनल थेरपीकडे बघ असं सांगतो, जरी आजीला ते नाव उच्चारायला अवघड जात असलं तरी.

लॅब, रेडिओग्राफी, डायलिसिस, शस्त्रक्रिया कक्ष यांतल्या तंत्रज्ञांची गोष्ट वेगळी आहे. तिथे नोकरी लवकर मिळते, पण स्वतंत्र धंदा उभा करण्यावर कायद्याची मर्यादा आहे. २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात हे स्पष्ट झालं की पॅथॉलॉजीच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. म्हणजे लॅब टेक्नॉलॉजिस्ट स्वतःची लॅब काढायची म्हणेल तर पॅथॉलॉजिस्ट शोधावाच लागतो आणि उत्पन्नातला मोठा हिस्सा तिकडे जातो. रेडिओग्राफीचा विद्यार्थी एक्स-रे, सीटी, एमआरआय करतो, पण सोनोग्राफी आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे डॉक्टरच करतात. अमेरिकेत सोनोग्राफर हा स्वतंत्र आणि चांगल्या पगाराचा व्यवसाय आहे. तिथल्या कामगार आकडेवारी खात्यानुसार २०२३ मध्ये त्यांची मध्यम कमाई वर्षाला ८४,४७० डॉलर होती. इंटरनेटवर हे आकडे पाहून इथे रेडिओग्राफीला मोठं कर्ज काढणाऱ्याला हा फरक कोणीतरी आधी सांगायला हवा.

म्हणून माझं स्पष्ट मत: तंत्रज्ञाच्या पदवीसाठी मोठं कर्ज काढू नये. या पदव्या वाईट आहेत म्हणून नाही. त्यांची कमाई सुरुवातीला ठीक असते पण वर जाण्याची वाट अरुंद असते, त्यामुळे कर्जही लहान हवं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून चालणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे बीपीएमटीसारखे (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी) अभ्यासक्रम याच कारणासाठी आधी पाहावेत.

सरकारी नोकरीचं स्वप्न सगळ्यांनाच असतं आणि त्यात चूक काही नाही. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टला सातव्या वेतन आयोगाच्या सहाव्या पातळीचं ३५,४०० रुपये मूळ वेतन मिळतं, त्यावर महागाई आणि घरभाडे भत्ता. पण जागा मोजक्या, जाहिराती वर्षा-दोन वर्षांनी, आणि अर्ज हजारोंनी. कंत्राटी पदं जास्त निघतात, त्यांचं मानधन ठरलेलं असतं आणि करार नव्याने होत राहतो. हप्त्याचा हिशेब सरकारी पगार गृहीत धरून मांडू नका. मिळाली तर कर्ज लवकर फेडा.

पगाराचा खरा आकडा कुठून कळतो? महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातून नाही. त्याच महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या चार-पाच जणांना विचारा. पहिला पगार किती, आता किती, इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड मिळाला का. खाजगी महाविद्यालयांत तो मिळतोच असं नाही, आणि मिळाला नाही तर ते सहा महिनेही खर्चाचेच असतात. वर्गातल्या किती जणांनी शाखाच सोडली हेही विचारा.

मान्यता नसेल तर हिशेब मांडायलाच नको

एक प्रकार असा आहे की कर्ज पूर्ण असतं आणि कमाई शून्य. जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटी स्टँडजवळच्या इमारतीत 'पॅरामेडिकल कॉलेज' अशी पाटी असते, शंभर टक्के नोकरीची हमी असते आणि प्रमाणपत्राला कोणत्याही परिषदेची मान्यता नसते. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात किमान तास ठरलेले आहेत: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी (म्हणजे तंत्रज्ञ वगैरे) दोन ते चार वर्षांत किमान २,००० तास, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या (म्हणजे थेरपिस्ट वगैरे) पदवीसाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हे तास भरण्याची शक्यताच नाही. प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न साधा आहे: या पदवीवर माझी नोंदणी कोणत्या परिषदेत होणार? फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीला राज्याची स्वतंत्र परिषद आहे, पॅरामेडिकलला वेगळी आहे, ऑडिओलॉजीची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेत होते. उत्तर लेखी मिळत नसेल तर पैसे भरू नका.

एमपीटीएच आणि परदेश

पदवीनंतर लगेच एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी, करावी का, हा प्रश्न कर्जदार विद्यार्थ्यासाठी वेगळा असतो. पहिल्या कर्जाचं व्याज चालूच असतं आणि त्यावर दोन वर्षांचा नवा खर्च येतो. अध्यापनात जायचं असेल तर पदव्युत्तर पदवी लागतेच. क्लिनिकच चालवायचं असेल तर आधी दोन वर्षं काम करून, कर्जाचा काही भाग फेडून मग शिकलेलं बरं. तोपर्यंत क्रीडा, मेंदूविकार, लहान मुलं यांपैकी आपल्याला काय आवडतं हेही कळलेलं असतं.

परदेशाचं गणित मोठं आहे आणि त्यात पगारापेक्षा परतफेडीच्या पद्धतीकडे बघायला हवं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून शिकू लागलेले तिथले विद्यार्थी वर्षाला २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के भरतात. कमाई कमी झाली की हप्ताही कमी होतो आणि ४० वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं. इथून कर्ज काढून गेलेल्या मुलाला यातलं काही मिळत नाही. त्याचा हप्ता ठरलेला, रुपयांत, आणि मागे आई-वडिलांचं घर तारण.

अमेरिकेत फिजिओथेरपिस्टची २०२३ ची मध्यम कमाई वर्षाला ९९,७१० डॉलर होती, आणि तरीही तिथे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपीच्या कर्जाचा प्रश्न गंभीर मानला जातो. २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर एकूण १ लाख डॉलरची मर्यादा घातली, आणि 'व्यावसायिक' पदव्यांसाठी २ लाखांची. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तयार झालेल्या मसुद्यात वैद्यक, दंतवैद्यक, कायदा 'व्यावसायिक' ठरले. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी त्या यादीत आल्या नाहीत. भारतातून बीपीटीएच करून जाणाऱ्याला आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, उणीव निघाली तर जादा शिक्षण आणि मग परवाना परीक्षा. या प्रत्येक पायरीचा खर्च आणि वेळ कर्जाच्या कागदावर उतरवूनच विमानाचं तिकीट काढावं.

कर्ज घ्यायचंच असेल तर

सगळ्यांनाच सरकारी जागा मिळणार नाही, सगळ्यांनाच माफी मिळणार नाही. कर्ज घेणं हा गुन्हा नाही, आणि या पेशाची ओढ असेल तर मी कोणालाही मागे ओढणार नाही. काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून करता येतात.

शिकत असतानाच व्याज भरत राहणं ही त्यातली सर्वांत उपयोगी. साडेसात लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याज महिना १,५६२ रुपये, दुसऱ्या वर्षी ३,१२५, तिसऱ्या वर्षी ४,६८७ आणि पुढे ६,२५०. हे घरून भरलं गेलं तर हप्ता १३,८७६ ऐवजी ९,९११ येतो आणि एकूण परतफेडीत सुमारे पावणेदोन लाख वाचतात. असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात सवलतही देतात, ती मागून घ्या.

केंद्र सरकारची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के व्याज-सवलत मिळू शकते. आपल्या उदाहरणात ती ९० हजारांची होते. पण ही योजना निवडक संस्थांपुरती आहे, आपलं महाविद्यालय त्या यादीत आहे का ते आधी पाहा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी, नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेचं मानांकन असलेल्या संस्थांतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना मोरॅटोरियममधलं संपूर्ण व्याज सरकार भरतं अशी वेगळी योजना आहे. आपल्या उदाहरणातले तीन लाख तिथे वाचतात. बँकेत गेल्यावर हे स्वतःहून सांगितलं जाईलच असं नाही, म्हणून नाव घेऊन विचारा.

आयकरातल्या ८०-ई कलमाचा गाजावाजा फार होतो. त्यात आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि वीस हजार पगाराच्या मुलीला कर लागतच नाही. कर्ज आई किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते जुन्या प्रणालीत कर भरत असतील तर त्यांना उपयोग होतो.

आणि हप्ता झेपेनासा झाला तर गप्प बसू नका. थकलेला प्रत्येक हप्ता मुलाच्या आणि सहकर्जदार पालकाच्या अशा दोघांच्याही सिबिल नोंदीत जातो. आदर्श योजनेत सुरुवातीला लहान आणि पगार वाढेल तसा वाढत जाणारा हप्ता ठरवून घेण्याची सोय आहे. या शाखांसाठी ती अगदी योग्य आहे, आणि करार करतानाच मागितलेली बरी. नोकरी गेली किंवा पगार फारच कमी असेल तर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत हप्ता पुढे ढकलण्याचीही तरतूद आहे, कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा. पगार वाढला किंवा घरी जाऊन पाहण्याचे रुग्ण वाढले तर जास्तीची रक्कम थेट मुद्दलात भरा, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. यातलं काहीही मागायचं असेल तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि ती मंजुरीपत्राबरोबर जपून ठेवा.